इंजिन शाबूत आहे

१२ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझ्या शिलाई मशीनचा पट्टा बदलला, तेलही दिलं, आता कुरकुरत नाही. ठमीच्या सायकलचा ब्रेकही झालाय. स्वतः आणून द्यायला हवं होतं, पण दोनदा तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आलो आणि माघारी फिरलो.

चौकशीवाल्यांचं पत्र तू मला वाचायला दिलंस, त्याला महिना झाला. 'वैमानिकाने घाबरून इंजिनाचा जोर कमी केला, म्हणून विमान पडले.' मी मान खाली घालून चहा पीत राहिलो. ठमी म्हणाली, "म्हणजे बाबा घाबरले म्हणून मेले," आणि तिने त्यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. मी कप ठेवला आणि घरी निघून आलो.

दाजी घाबरणारे होते का गं? आपले वडील, अण्णा, गेल्यापासून उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीचं इंजिन त्या जुन्या विमानात बसवायचं, हे खूळ दाजींचंच. मी म्हटलं, "दाजी, याला रस्त्याची सवय आहे." तर म्हणाले, "मेव्हणे, तुम्हाला कुठे कामाची सवय होती? लागली ना?" दोन वर्षं रोज संध्याकाळी शेडमध्ये खपलो. आयुष्यात इतका कधी हसलो नव्हतो.

त्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती. गाडीचं इंजिन फार तापलं की त्याचा कॉम्प्युटर आपणहून जोर निम्मा करतो, इंजिन जळू नये म्हणून. रस्त्यावर ते ठीक, गाडी कडेला घेता येते. दाजी म्हणाले, "वर कडेला कुठे घेऊ? ती सोय काढून टाका. इंजिन जळालं तर जळू दे, मी उतरेपर्यंत चाललं की बास."

मी काढली नाही, ताई.

तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय, तापली की थांबा. त्यात ते अण्णांचं इंजिन, तीनदा माझ्या हातांनी उघडून बांधलेलं. ते जळू द्यायला हात धजेना. म्हटलं, पहिल्या चाचण्या होऊ देत, मग काढू. दाजींनी विचारलं तेव्हा "काढली" म्हणालो. कामाच्या वहीतही तसंच लिहिलं.

त्या दिवशी विमान मैदानाच्या टोकाला झाडांच्या वर पोचलं आणि आवाज एकदम निम्म्यावर आला. मी खाली उभा होतो. तो आवाज मला पाठ आहे, तिथेच सगळं कळलं. चौकशीवाल्यांनी माझी वही वाचली, सोय काढलेली आहे असं धरलं, आणि दोष दाजींवर गेला.

परवा इंजिन परत मिळालं. उघडून बघितलं. आत ओरखडासुद्धा नाही, उद्या गाडीत बसवलं तर चालेल. मी तिथेच फरशीवर बसून रडलो.

आज सकाळी चौकशीवाल्यांना सगळं लिहून कळवलं, कॉम्प्युटरही पाठवून दिला. तुला आधी विचारलं असतं तर तू मला पाठीशी घातलं असतंस, लहानपणापासून घालत आलीस तसं. म्हणून ते पाकीट टपालात टाकून मगच हे लिहायला बसलो. शिक्षा होईल ती होवो.

मशीन आणि सायकल शेजारचा सुतार आणून देईल. ठमीला फोटो सरळ करायला सांग. तिचे बाबा घाबरले नव्हते. मामा खोटं बोलला.

खाली 'तुझा भाऊ' असं लिहिणार होतो. ते आता तू म्हणशील तरच.