इराचा काढा

४ जानेवारी
इराचं हिमोग्लोबिन दहा. बारावीचं वर्ष, मेडिकलची तयारी आणि हे! डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, चहा-कॉफीबरोबर लोह अंगी लागत नाही म्हणाल्या. आजपासून घरात चहा-कॉफी बंद. मनीष म्हणाला, "लेकीचं रक्त कमी, त्यात माझा काय गुन्हा?" — प्लांटवर ढोसतोच की चार कप.

५ जानेवारी
शेजारच्या उम्म फिरास 'येर्बा माते' नावाच्या पाल्याचं पाकीट देऊन गेल्या. मूळच्या सीरियाच्या, इथे सौदीत, यान्बूला, आमच्याही आधीपासून. पेल्यात हा हिरवा पाला घालतात, वर गरम पाणी, आणि धातूच्या नळीने चोखत बसतात. ताकद येते म्हणे. मला काही पटेना. नुसत्या पाण्याने पाल्याचा अर्क उतरतो होय? तीन मोठे चमचे, आलं, गूळ, वीस मिनिटं उकळून निम्मा आटवला. आई करायची तसा काढा. इराने नाक मुरडलं, पण प्यायली. गोळीही त्याच्याबरोबरच दिली. कडूबरोबर कडू खपून जातं.

१२ जानेवारी
गुण आला! पहाटे हाक मारावी लागत नाही. आता संध्याकाळीही देते.

२१ जानेवारी
झोपत नाही पोरगी. हात थरथरतात, ताट अर्धं तसंच. विचारलं की एकच — "आय ॲम फाइन, मम्मा." आज दप्तर तपासलं. एनर्जी ड्रिंकचे डबे असतील वाटलं, काही नव्हतं. तरी फोन काढून घेतला. "मैंने किया क्या है?" म्हणाली. चिडली की हिंदी. मी जे बोलले ते इथे लिहवत नाही.

२ फेब्रुवारी
प्रॅक्टिकलमध्ये चक्कर आली. शाळेतून फोन. छाती इतकी धडधडत होती की ओढणी हलताना दिसत होती.
रक्त आठ पूर्णांक सहा. वाढायचं सोडून उतरलं! रोज माझ्या हाताने गोळी देते मी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "चाय-कॉफी?" मी मान ताठ करून सांगितलं, "घर में बंद है." त्या म्हणाल्या, मग जेद्दाला रक्ताच्या तज्ज्ञांना दाखवा. कदाचित हाडातला मगज तपासावा लागेल.
गाडीत कॅन्सर हा शब्द दोघांच्याही ओठांवर होता.

३ फेब्रुवारी
देवापुढे बसले. काय मागायचं तेच सुचेना.

६ फेब्रुवारी
उम्म फिरास इराला बघायला आल्या. काढा गॅसवर होता. झाकण उचललं आणि कपाळाला हात लावला. "तू हे उकळवतेस?" त्यांचं मोडकं इंग्रजी, माझं मोडकं अरबी. कॉफीसारखंच आहे हे, मी स्वतः संध्याकाळनंतर शिवत नाही, म्हणाल्या. "खलास, बस कर!" पाकीट उलटं करून दाखवलं. कॅफीन. महिनाभर ते पाकीट माझ्या डोळ्यांसमोर फळीवर आहे!
डॉक्टरबाईंना फोन केला. "आपने बताया क्यों नहीं? नींद इसी से उड़ी, धड़कन इसी से. और गोली इसके साथ देंगी तो आयरन बदन को लगेगा कैसे?" तुम्ही चहा विचारलात, काढा नाही, असं म्हणणार होते. लाज वाटली. चहा बंद केला म्हणून महिनाभर मिरवत होते. आणि पोटच्या पोरीला दिवसातून दोनदा, आटवून आटवून, मीच पाजत होते.
सगळा पाला कचऱ्यात टाकला.

१९ फेब्रुवारी
नऊ पूर्णांक पाच. गोळी आता लिंबू सरबताबरोबर. नऊ नऊ तास झोपते. जेद्दाला जायची गरज नाही. मनीष पार्किंगमध्येच रडला. पहिल्यांदा पाहिलं.

२० फेब्रुवारी
आज इराची माफी मागितली. म्हटलं, मला खरंच माहीत नव्हतं गं.
"मला माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं पाकिटावर."
मग पीत का राहिलीस?
"जागायला. मेडिकल तुम्हाला हवंय ना?"
मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा फॉर्म गेल्या आठवड्यात मीच भरला. तिला विचारलं नव्हतं.