सुलट-उलट नसलेले सात पोशाख

४ मार्च
आज माझ्या खुर्चीने मला दंश केला. टाचणी! तीस वर्षं मुद्रितं तपासून ह्या आसनावर जो हक्क कमावला, तो कन्येच्या पदवीने एका झटक्यात खालसा झाला. अभ्यासिकेत आता शिवणयंत्र, कापडांचे ढीग आणि एक बिनमुंडक्याची पुतळी. तिच्यासमोर वाचायलाही संकोच वाटतो. तक्रार केली, तर कन्या म्हणते, "बाबा, सात पोशाख, सोळा दिवस. उभं राहून वाचा." प्रदर्शनात पसंत पडले, तर दूरच्या शहरात दोन वर्षांची नोकरी. तथास्तु. उभा राहतो.

६ मार्च
आमची ही आज स्वेटर उलटा घालून चहाला आली. शिवणी बाहेर, मानेमागची पट्टी हनुवटीखाली. पंचवीस वर्षं शिवणवर्ग चालवलेली बाई! एक टाका वाकडा गेला, तर मुलींना सगळं उसवायला लावायची. कन्या खोलीतून बाहेर येण्याआधी हिला आत नेलं, सुलटा करून घातला. "तुम्हाला कधीपासून शिवणातलं कळायला लागलं?" — ही हसली. मीही हसलो.
ह्या आठवड्यातली तिसरी वेळ. कन्येला कळता कामा नये. कळलं तर ती जायची नाही.

७ मार्च
आज बटणं. सगळी एक घर वर.

९ मार्च
घोर प्रमाद! कन्या दोरे आणायला गेली होती. पुतळीवर तयार पोशाख, आणि त्याच्या सगळ्या शिवणी चक्क बाहेर. माझा धंदाच दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा. टेबलावर खडू आयताच मिळाला. प्रत्येक शिवणीला गोल केला. एकूण एकोणीस.
आल्यावर तिने कपाळाला हात लावला. "बाबा! ते तसंच आहे! ह्याला आत-बाहेर नाही, पुढचं-मागचं नाही. बाईने काय लपवायचं आणि काय दाखवायचं, हे दुसऱ्यांनी का ठरवावं? ते प्रतीक आहे."
"ह्याला अभेद म्हणतात," मी.
"आणि तुम्ही केलंत त्याला नाक खुपसणं म्हणतात."
ही दारात येऊन उभी राहिली होती. शिवणीवरून बोट फिरवत म्हणाली, "टाका छान आहे. कुणी शिवलं?"
"मीच गं, आई," कन्या म्हणाली. अगदी सहज. जरा जास्तच सहज.

१३ मार्च
मेंदूच्या डॉक्टरांचं पत्र शब्दकोशाखाली दडवलंय. डोळे तपासायचेत सांगून हिला नेलं होतं. दोन पानांतलं एकच वाक्य मला नीट कळलं — हळूहळू वाढत जाईल. नेमकं तेच कळायला नको होतं.

१५ मार्च
ढिगाखाली मापांचा कागद सापडला. मंचावर चालणाऱ्या मुली म्हणजे वेताच्या काठ्या. ही मापं त्यांची नव्हेत. खांदा, कंबर, आणि पुढे — "डावा हात वर जात नाही, काखेत सैल." डावा हात वर जात नाही तो हिचा! सातही पोशाख हिच्या मापाचे. बटण नाही, हूक नाही, डोकं कुठूनही घाला.
तळाशी बारीक अक्षरात: "बाबांना जमलं पाहिजे."
मटकन खाली बसलो. टाचणी टोचली. उठलो नाही.

१६ मार्च
विचारलंच. "कधीपासून माहीत आहे?"
"मागच्या वर्षापासून. आईने माझी बाही उलटी जोडली." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि उसवली नाही."
"मग ते प्रतीक?"
"ते परीक्षकांना. खोटं नाही हां, बाबा. पण आधी हे." दोरा दातांनी तोडला. "तुम्हाला जमणार असेल तरच जाईन."
"न जमायला काय झालं!" मी म्हणालो. आवाज चांगला लागला.

२१ मार्च
पसंत! परीक्षक बाई म्हणाल्या, "धाडसी." ही टाळ्या वाजवत होती. कुणासाठी, ते विचारलं नाही मी.

२८ मार्च
कन्या गेली. सात पोशाख सात वारांचे म्हणून कपाटात लावून गेली. जिन्यात तीन वेळा मागे वळली. तिन्ही वेळा मी हसलो.

३० मार्च
जमतंय! दोन मिनिटं लागतात. आज मुद्दाम चुकून पाहिलं — चुकताच येत नाही.
"अहो, कसा दिसतो?"
"निर्दोष. छापायला हरकत नाही."
"चला, काहीतरीच तुमचं!"

६ एप्रिल
सकाळी पोशाख घेऊन खोलीत गेलो. हिने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. 'अहो' नाही, काही नाही. म्हणाली, "मला कपडे बदलायचेत. तुम्ही जरा बाहेर थांबता का?" — सभ्यपणे, अनोळखी माणसाला म्हणावं तसं.
पोशाख खुर्चीवर ठेवला. दाराबाहेर उभा राहिलो.
पाच मिनिटांनी आली. स्वतःचा स्वतः घातला होता. बिनचूक.
कपड्यांची भीती पोरीने घालवली. उद्या हिने आतून कडी लावली तर — मला ह्याची भीती वाटते.