जनरलच्या शोकमिरवणुकीला माझ्या घरचा कोट जाणार नाही

मी वाली, योनाची विधवा, वय सत्तरीच्या पुढे, राहणार ताह्लेक्वाजवळ, डोकं ठिकाणावर आणि जीभ त्याहून ठिकाणावर असताना, चुलीपाशी बसून स्वतःच शिकलेल्या आमच्या चेरोकी अक्षरांत हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

एक. हे लाकडी घर, मक्याचं शेत आणि गाई माझी लेक क्वेदी हिला. आमच्यात घर बाईचं असतं, नवरा तिथे राहायला येतो. जावईबापू सायलस यांना हे ठाऊक आहे, तरी रोज तेच. "सासूबाई, घर माझ्या नावे करा. विकून लष्कराच्या किल्ल्याजवळ दुकान टाकू. काळ बदललाय." बदललाय खरा. पूर्वी घर बळकावायला बाहेरचे यायचे.

दोन. योनाचा कोट. हा अंगात घालून तो जनरल अँड्र्यू जॅक्सनच्या बाजूने लढला. आमचे लोक नदी पोहून गेले, शत्रूच्या होड्या पळवून आणल्या, आणि विजयाचा तुरा या जनरलने स्वतःच्या टोपीत खोवला. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. म्हणे गोरगरिबांचा कैवारी! आपल्या माणसांना नोकऱ्या वाटल्या, आणि आम्हांला गावातून हाकलायचा कायदा केला. त्यांच्याच वरच्या कोर्टाने आमच्या बाजूने निकाल दिला, तो धाब्यावर बसवला. शिपाई धाडायचं काम मागून अध्यक्ष झालेल्या चेल्यावर सोपवून स्वतः घरी जाऊन बसला. शिपायांनी आम्हांला हाकलत पार पश्चिमेला इथवर आणलं, योना वाटेत थंडीने गेला. जनरल गेल्या महिन्यात मेला, स्वतःच्या छपराखाली, स्वतःच्या पलंगावर.

उद्या किल्ल्यावर त्याची शोकमिरवणूक आहे. हे लिहीत असतानाच जावईबापू कोट मागायला आले.

"मोठा माणूस होता हो. हा कोट घातला तर मला पुढच्या रांगेत घेतील."

क्वेदी म्हणाली, "मग स्वतःचा घाला. माझ्या बापाचा कशाला?"

"तुला राजकारण कळत नाही. घराचं गिऱ्हाईक त्याच रांगेत भेटणार आहे. बोलणं झालंय माझं."

"कुणाच्या घराचं?"

कोट माझ्या अंगावर घालून मला पुरावं.

तीन. या कलमात जावयांना घराबाहेर ठेवायची तजवीज लिहिणार होते. गरज उरली नाही. क्वेदीने आत्ताच त्यांचं खोगीर, बूट आणि घोंगडी दाराबाहेर नेऊन ठेवली. आमच्यात एवढ्याने लग्न मोडतं, वकील लागत नाही.

"अगं, निदान मिरवणूक तरी होऊ दे!" बाहेरून ओरडतायत.

सही: वाली
साक्षीदार: इनाली, माझा भाऊ
साक्षीदार: ~~सायलस, जावई~~ सालाली, शेजारीण

ताह्लेक्वा, चेरोकी राष्ट्र, जुलै १८४५