मोनाचे हात आणि कुरुंदवाडचे पावणे

३ फेब्रुवारी
मोना हात का फडफडवते? मला सांगता येत नाही. दादाच्या या सहा वर्षांच्या मुलीला ऑटिझम आहे आणि घरात ग्रॅज्युएट मी एकटीच, म्हणून सगळे माझ्याकडे बघतात. ऑनलाइन कोर्समध्ये एवढं कळलं की याला स्टिमिंग म्हणतात, त्यानं तिला बरं वाटतं, थांबवायचं नाही. संकल्प : हे घर मोनाला आहे तशी स्वीकारेल. जबाबदारी माझी.

५ फेब्रुवारी
घरच्यांसमोर भाषण केलं. आई गवार मोडत होती. म्हणाली, "तुझा बा बसल्या जागी दिवसभर पाय हलवतोय. त्याला कुठं काय म्हणतोय आम्ही?"
आईला संकल्पना कळलेली नाही. पुन्हा सांगावी लागेल.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
मोनाला रंकाळ्यावर नेलं. भेळेच्या गाडीपाशी ती खूश होऊन उड्या मारायला आणि हात फडफडवायला लागली. एका बाईनं विचारलं, "काय ओ, पोरीला काय होतंय?" समजावणारच होते, पण गर्दी होती. "डान्स शिकतीया," म्हटलं आणि तिचे हात ओढणीत गुंडाळले. घरापर्यंत रडली. भेळ तिखट असावी.

१२ फेब्रुवारी
नवा उपाय. हात फडफडवायला रोज चार ते साडेचार वेळ ठरवून दिली. स्वीकारही, शिस्तही. वहिनी म्हणाली, "वन्सं, शिंक टायमावर येतीया व्हय?" वहिनीचा दृष्टिकोन कमी पडतो.

१३ फेब्रुवारी
तीनलाच सुरू झाली. चारला झोपली.

१७ फेब्रुवारी
रविवारी कुरुंदवाडचे पावणे मला बघायला येणार. स्थळ आणणाऱ्या मामी म्हणाल्या, "पोरीला तेवढं मागं ठेवा." मी ठणकावलं, मोना माझ्या शेजारी बसेल. ती ज्यांना चालत नाही, त्यांना मीही चालणार नाही. वहिनी डोळे पुसत म्हणाली, "एवढं माझ्या पोरीसाठी कोण बोललं न्हवतं."

२१ फेब्रुवारी
मुलगा फोटोत चांगला दिसतो. वाचनाची आवड आहे म्हणे. मोनाला हात मांडीवर ठेवून बसायची प्रॅक्टिस दिली. धरून ठेवले तर चावली.

२२ फेब्रुवारी, सकाळ
शांतपणे विचार केला. अनोळखी माणसं, आवाज... त्रास मोनालाच होईल. स्वीकार म्हणजे शेवटी तिचं हितच. वहिनी आंघोळीला गेली होती, विचारायला वेळ नव्हता. मोनाला शेजारच्या बाळाबाईंकडे सोडून आले. पावणे जाईपर्यंत दार उघडू नका, असं बजावलंय.