थर्डवरनं सेकंडला येताना

ता. ४ एप्रिल १९४३, निपाणी
पण क्लचचा दोष असता तर फस्टलाबी वाजलं असतं. मालकाच्या सर्व्हिस मोटारीचा गिअर वाजतोय फकस्त थर्डवरनं सेकंडला येताना. दात खाल्ल्यागत कर्रर्र. मालक म्हणाले, अण्णा तुझा थोरला भाऊ, आमचा ड्रायव्हर, तू धाकटा इंग्लिश शाळंत शिकल्याला, मग तूच शोध की रं. मॅट्रिक देऊन आलोय, मोकळाच हाय. झोप न्हाय आनंदानं.

ता. ६
गिअरबॉक्स उघडला. दातांच्या कडा झिजल्यात, पण बेअरिंग बरं, शाफ्ट बरा. मग वाजतंय कशानं? अण्णाला इचारलं. म्हणाला, "कसला आवाज?" चेष्टा वाटली.

ता. ७
मोटार मोकळीच घिऊन चिकोडीच्या रस्त्याला गेलतो. डबल क्लच, म्हंजे क्लच दोनदा दाबायचा, मधी जरा रेस, इंजिनाचा सूर चढला की सेकंड. लोण्यागत पडला. परत केलं. परत. कर्र न्हायच. हसाय लागलो एकटाच.
मग ध्यानात आलं. असल्या मोटारीत गिअर हातानं पडत न्हाय, कानानं पडतोय. नि वाजतंय फकस्त अण्णा चालवताना.

ता. ८
वहिनीला ठावं हुतं. गेल्या हिवतापात क्विनाईन लई झालं, तवापास्नं अण्णाचं कान गेलं. मालकाला सांगू नगासा म्हणाली. तिचे दिवस भरत आलेत.
अण्णाला मागनं हाक मारली. भाकरी खातच ऱ्हायला. म्होरं जाऊन बसलो. तवा म्हणाला, "ऐकू येतंय रं. तोंड बगितलं की समदं ऐकू येतंय."
भाकरी बाजूला सारून, "घाटात शेजारी बसशील?"

ता. १०
तवंदी घाट. सूर मी ऐकायचा, अण्णाच्या गुडघ्यावर थाप मारायची, त्यानं सेकंड टाकायचा. कर्र बंद. मालक सगळ्यास्नी सांगत सुटलेत, पोरानं गिअरबॉक्स नीट केला म्हणून. अण्णा गालात हसला. मीबी.

ता. १४
लिवाय होईना. तरी.
काल घाट उतरताना मागनं मिल्ट्रीची लॉरी. हॉर्नवर हॉर्न. आमची मोटार रस्त्याच्या मधोमध. अण्णाची नजर म्होरंच. पाठीमागची म्हातारी कानडीत ओरडत हुती, बाजूला घ्या म्हणून. मी घाबरून गुडघ्यावर थाप मारली.
त्यानं सेकंड टाकला. एकदम सुरेख.
मोटार मधोमधच एकदम हळू झाली. लॉरी आमाला चुकवाय गेली, ती वर येणाऱ्या बैलगाडीवर. गाडीवान जागीच गेला.
हॉर्नसाठी थाप ठरलीच न्हवती.

ता. १५
अण्णानं एकच इचारलं. "हॉर्न दिलता व्हय रं त्यानं?" मी मान खाली घातली. तोंड दिसलं न्हाय त्याला.
मालक आलते. म्हणाले, गिअर अडकला असंल, जुनाच आवाज तो. उद्या फौजदाराला तूच सांग, उघडून तूच बगितलायस.
गिअर म्हणालो तर आठवड्यात अण्णा परत घाटात, नि शेजारी मी. खरं बोललो तर अण्णा आत, वहिनी उघड्यावर. गाडीवानाची बायको चौकीबाहेर बसलीया.
हे कवा कुणी वाचलंच तर, तुमीच सांगा. माझ्या जागी तुमी असता, तर काय म्हणाला असता?