चित्र, सरक, धडक

९ जुलै २००१
सेकंड इयरचं पहिलं प्रॅक्टिकल. बोर्डाच्या यादीप्रमाणे : सी भाषेत लूप लावून दोनचा पाढा छापा. सगळ्यांनी मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवलं. वनिता गावित (सुरगाण्याची, होस्टेलला राहते) विचारते, "मॅडम, हा पाढा छापून करायचं काय?"  घरी आले तरी प्रश्न डोक्यातच.

१४ जुलै
ठरलं. गेम करायला लावायचा. चेंडू, फळी, बास. पण नुसता चेंडू हलवायचा तर दोन पानं कोड, मुलं तिथंच दमतात. ते किचकट काम मीच एकदा लिहून एका फाइलीत ठेवते. त्यांनी फाइल जोडायची आणि हवं ते फंक्शन बोलवायचं. नावं मराठी, अक्षरं इंग्रजी : चित्र. सरक. धडक. श्रीकांत म्हणाला, "कॉलेजात हसतील तुला." हसू देत. नवऱ्याला काय जातंय.

२३ जुलै
लॅबमध्ये ती फाइल, म्हणजे माझी लायब्ररी, टाकली. प्रत्येक मशीनवर टर्बो सी सॉफ्टवेअर वेगळ्याच फोल्डरात! फ्लॉपी घेऊन एकेका मशीनपुढे वाकून कंबर गेली. पण चालली.
वनिता ओरडली, "मॅडम, गेला चेंडू!"
"कुठे?"
"पडद्याभायेर."
"मग अडव की त्याला."
तिनं आपणहून 'इफ'ची अट लिहिली. कोणाच्या जर्नलात न बघता. आज बरं वाटतंय. खूपच.

३० जुलै
एचओडी कुलथे सर दारात उभे. "लॅबचं व्हिडिओ पार्लर केलंत मॅडम. आणि हे काय, सरक? धडक? बाहेरचे परीक्षक काय म्हणतील?"
म्हटलं, "म्हणतील की मुलांना कळलंय."
गप्प बसायला हवं होतं. नाही बसले.

६ ऑगस्ट
सगळ्या मशीनवरचं माझ्या लायब्ररीचं फोल्डर गायब. सरांनीच पुसायला लावलं. दारावर नोटीस : प्रयोगशाळेत खेळ खेळण्यास सक्त मनाई. खेळतंय कोण? बनवतायत! घरची फ्लॉपी आणून दुपारी परत टाकली, एकूण एक मशीनवर.

८ ऑगस्ट
पुन्हा पुसलं. या वेळी फ्लॉपी ड्राइव्हच्या वायरीही काढून नेल्या. रडू आलं, रागानं. लॅबच्या पायरीवर बसले होते तर वनिता आली. "मॅडम, कागदावर हाय का ते? आम्ही टाइप करू."
पंचवटी कारंजाजवळच्या डीटीपीवाल्याकडून प्रिंट काढून आणली. त्याच्या प्रिंटरची रिबन जुनी, अक्षरं पुसट. तरी.

१० ऑगस्ट
दोघंदोघं एका मशीनवर. एक वाचतो, दुसरा बडवतो. स्वल्पविराम, कंस, सगळं मोठ्यानं. लॅबमध्ये बाजार भरल्यासारखा गलका. नोटिशीत टाइप करायला मनाई नाही.

१३ ऑगस्ट
वनिता कागद घेऊन स्टाफरूममध्ये. "मॅडम, धडकमध्ये चूक हाय. उजवीकडून चेंडू आला तर फळीला लागला ते त्याला कळतच नाय."
बघितलं. बरोबर. फळीची रुंदी धरायचीच राहिली होती माझी. महिनाभर माझ्या लक्षात आलं नाही. पोरीनं टाइप करता करता पकडलं. तिनंच दुरुस्त केलं, मग सगळ्यांनी तिच्यासारखं. लाज वाटली की अभिमान, ते अजून कळत नाहीये. लायब्ररी फ्लॉपीतलीच राहिली असती तर कोणी उघडूनसुद्धा बघितली नसती.

२१ ऑगस्ट
प्राचार्यांनी बोलावलं. कुलथे सर शेजारी. "यापुढे असा प्रकार होणार नाही, असं लिहून द्या. तुमची नवीन ऑर्डर माझ्या टेबलावरच आहे." मी हंगामी लेक्चरर, आताची नेमणूक महिनाअखेर संपतेय.
श्रीकांत : "सही करून टाक. मग काय हवं ते कर."
"म्हणजे खोटंच लिहून द्यायचं?"
 भाकरी गार झाली दोघांचीही.

२३ ऑगस्ट
लिहून दिलं. पण माझं. 'सदर लायब्ररी विद्यार्थ्यांनी स्वतः टाइप केली, तपासली व दुरुस्त केली आहे. ती आता माझी नाही. काढायची असल्यास कृपया त्यांना विचारावे.' क्लार्ककडून आवक नंबर घेतला, प्रत जवळ ठेवली. त्यानं दोनदा वाचून माझ्याकडे बघितलं.
ऑर्डर आलेली नाही. 
उद्या अकराला प्रॅक्टिकल. कुलथे सर स्वतः येऊन बसणार म्हणे. बसू देत. वनिताला सांगितलंय, सरांना मी काही समजावणार नाही, तू समजाव.
"घाबरेन मी."
म्हटलं, घाबर. पण सांग.