एक ठोका सोडून

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तू न पाहिलेली माझी लेक आता कॉलेज संपवत आलीय. तरी परवा तुझा आवाज अगदी कानाशी आला, आणि तोही मुंबईतल्या एका क्लबात. लेकीला तिथं नाचायचं होतं. रविवारी दुपारचा कार्यक्रम, मशीनवर वाजवलेलं भरधाव संगीत, बाकी काही नाही असं ती सांगत होती. तिचे वडील नकोच म्हणून अडून बसले. शेवटी मी म्हटलं, मी सोबत जाते, डोळ्यांनी बघते, मग ठरवू. तिला पुन्हा कधी जायला मिळेल की नाही, हे आता माझ्या शब्दावर होतं. पोर आमच्या वाशिंदहून निघाल्यापासून पहिलं वाक्य बोलली ते क्लबाच्या दारात, "मम्मी, तू फक्त कोपऱ्यात उभी राहा हां."

आत काळोख, लाल दिवे, आणि छातीत कुणी उखळात कांडतंय असा ठोका. मला वाटलं होतं, जोड्या असतील, अंगचटीला येणं असेल. तसलं काही दिसलं नाही. सगळ्यांची तोंडं वाजवणाऱ्याकडे, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. एक मुलगी डोळे मिटून जागच्या जागी भराभर पावलं टाकत होती, एक टकले गृहस्थ हातानं हवा कापत होते. मधेच ठोका थांबायचा, सगळे हात वर करून वाट बघायचे, आणि तो परत आला की एकदम उसळायचे. नवखी पोरं मात्र प्रत्येक ठोक्यामागं धावून दोन गाण्यांत भिंतीला टेकत होती. माझी लेकही त्यातलीच, लालबुंद झालेली.

आणि मी एकदम मागं, आपल्या गावी वैशाखऱ्याला, हळदीच्या मांडवात. बेंजोवाले वेग वाढवतायत, मी नाचतेय, आणि काका सगळ्यांसमोर ओरडतायत, "दहावीची पोरगी, मांडवात नाचती? घरात घ्या तिला." माझे पाय थिजलेत. तू भाकऱ्या टाकून, पिठाच्या हातांनी बाहेर येतेस. "नाचू द्या, भावोजी. दिसभर शेतात वाकती तवा कुनाला दिसत नाय ती." काका मागं सरतात. मग मलाच दटावतेस, "त्याच्यामागं पळू नको गो. एक ठोका सोड, एक धर. दमायची नायस." तुला स्वतःला कधी नाचताना मी पाहिलं नाही. हे तुला कुठून ठाऊक, ते विचारायचं राहूनच गेलं.

क्लबात लेकीला बाजूला ओढलं आणि तेच सांगितलं. तिनं करून पाहिलं, अंग सैल पडलं, चेहरा खुलला. "मम्मी, तुला कुणी शिकवलं?" मी कानात ओरडून म्हटलं, तुझ्या आजीनं. त्या दिवशी तू बाहेर आली नसतीस, तर मी जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींना घरात घ्यायला सांगत राहिले असते. तुझे उपकार मोठे आहेत, आये.

घरी यांनी विचारलं, "काय गो, कसं हाय तिथं?" म्हटलं, चांगली पोरं आहेत, नुसता घाम गाळतात. लेकीला मोकळीक मिळाली. पण तिला एकटीला पाठवायचं नाही, दर वेळी मी सोबत जाणार, असंही मी बजावलं. हे म्हणाले, बरोबर हाय, आईचं लक्ष पायजे. हे पत्र यांच्या हाती पडायचं नाही, म्हणून लिहिते: मी कोपऱ्यात फार वेळ उभी नव्हते, आणि पुढच्या रविवारची लेकीपेक्षा मलाच घाई आहे.